सभासद दहा टक्के, करार सगळ्यांना: फ्रान्सची कामगार चळवळ जिंकली की हरली?

धोटा

गेल्या आठवड्यात पगारवाढीच्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "फ्रान्समध्ये उठसूट संप होतात, पण युनियनचे सभासद म्हणाल तर शंभरात दहासुद्धा नीट भरत नाहीत. मग कसली आलीय चळवळ? ती कधीच संपली." उत्तर लिहायला बसलो ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आकडा बरोबर आहे. तिथे १०० पैकी जेमतेम १० पगारदार युनियनचे सभासद आहेत, खासगी कंपन्यांत तर ८सुद्धा नाहीत. पण त्याच देशात १०० पैकी ९० हून जास्त पगारदारांना कुठला ना कुठला सामूहिक करार, म्हणजे युनियन आणि मालकांनी मिळून ठरवलेला पगाराचा आणि कामाच्या अटींचा करार, लागू आहे. पावती फाडली दहाजणांनी, करार मिळाला नव्वदांना. माझ्या मते त्या चळवळीने मिळवलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

मी इचलकरंजीचा. वडील खर्चीवाले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माग आपले, शेड आपली, लाइटबिल आपलं, पण सूत व्यापाऱ्याचं आणि मजुरी तो सांगेल ती, पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. मजुरीचा दर उतरला की त्या दिवशी वडील जेवताना बोलत नसत, एवढं मला लहानपणापासून कळायचं. त्यामुळे ल्यों शहरातल्या रेशीम विणकरांबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती माणसं मला परकी वाटलीच नाहीत. 'कान्यू' म्हणायचे त्यांना. माग त्यांचा, घरातच मांडलेला, रेशीम व्यापाऱ्याचं, मजुरी व्यापाऱ्याच्या मर्जीची. क्र्वा-रूस टेकडीवर त्यांची घरं अजून उभी आहेत. नक्षी विणणारा जकार्डचा उंच माग मावावा म्हणून त्या घरांचं छत जवळजवळ चार मीटरवर घेतलेलं. मागाच्या आवाजाला त्यांचा शब्द होता 'बिस्तांक्लाक'. मोठ्याने म्हणून बघा, धोटा इकडून तिकडे गेल्यासारखा वाटतो.

१८३१ च्या शरद ऋतूत या विणकरांनी एकच मागणी लावून धरली, मजुरीचा किमान दर ठरवा. प्रीफेक्टने, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारख्या अधिकाऱ्याने, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून दर ठरवलाही. मग काही व्यापाऱ्यांनी तो मानायचं नाकारलं. २१ नोव्हेंबरला विणकर टेकडीवरून खाली उतरले. त्यांच्या काळ्या झेंड्यावरचे शब्द होते, 'काम करत जगू, नाहीतर लढत मरू'. काही दिवस अख्खं शहर त्यांच्या ताब्यात होतं. शेवटी फौज आली, दर रद्द झाला आणि दर ठरवून देणारा प्रीफेक्टही गेला. १८३४ मध्ये पुन्हा उठाव झाला, तो तोफांनी मोडला.

हे सगळं कुठल्या कायद्याखाली चाललं होतं? १७९१ च्या. राज्यक्रांतीला दोन वर्षं झाली होती आणि स्वातंत्र्याच्याच नावाने ल शापलिए या प्रतिनिधीने आणलेल्या कायद्याने एका धंद्यातल्या माणसांनी एकत्र येऊन मजुरीबद्दल ठराव करणं गुन्हा ठरवलं. संप करण्याचा गुन्हा पुसला गेला १८६४ मध्ये. युनियन कायदेशीर झाली २१ मार्च १८८४ ला. मध्ये ९३ वर्षं गेली.

आणि कायदेशीर झाली म्हणून गोळ्या थांबल्या नाहीत. १ मे १८९१, उत्तरेकडचं फुर्मी हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. आठ तासांचा दिवस मागत मिरवणूक निघाली होती. सैनिकांच्या हातात नव्या लेबेल रायफली होत्या. नऊजण मेले. त्यात मारिया ब्लोंदो ही अठरा वर्षांची गिरणी कामगार मुलगी होती. आठ तासांचा कायदा आला एप्रिल १९१९ मध्ये, अठ्ठावीस वर्षांनी.

१० मार्च १९०६ ला कुरिएरच्या कोळसा खाणीत स्फोट झाला, १,०९९ माणसं आणि पोरं मेली. खाली कुणी जिवंत नाही असं ठरवून शोध आवरता घेतला होता. विसाव्या दिवशी तेराजण अंधारातून चालत वर आले. खाणपट्ट्यात संपाची लाट उसळली, सरकारने फौज पाठवली, पण त्याच वर्षी जुलैत आठवड्याला एक दिवस सुट्टी देणारा कायदा झाला.

तेव्हा कुणी "फ्रेंच लोक आरामखोर" असं म्हटलं की मला राग येतो. त्यांच्या रविवारच्या मागे ती खाण आहे.

आता मुख्य गोष्ट, १९३६. मे महिन्यात ल आव्र बंदरातल्या विमानाच्या कारखान्यात दोघांना कामावरून काढलं, कारण त्यांनी १ मे पाळला होता. बाकीचे घरी गेलेच नाहीत, कारखान्यातच बसले. जूनपर्यंत सुमारे १८ लाख लोक संपावर होते आणि हजारो कारखाने आतून ताब्यात होते. डाव्या आघाडीचं सरकार नुकतंच निवडून आलेलं. पंतप्रधान लेओं ब्लूमने ७ जूनला मालकांना आणि सीजीटी या कामगार संघटनेला आपल्या कार्यालयात, मातिन्यों वाड्यात, समोरासमोर बसवलं. मजुरीत ७ ते १५ टक्के वाढ, कारखान्यात कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी. आणि पंधरवड्याच्या आत कायदे झाले, दोन आठवडे भरपगारी रजा आणि ४० तासांचा आठवडा. भरपगारी रजा आघाडीच्या जाहीरनाम्यात नव्हतीच! ती कारखान्यात बसलेल्या लोकांनी आणली. आणि २४ जूनच्या कायद्याने असं ठरलं की एखाद्या उद्योगातला करार मंत्र्याच्या आदेशाने त्या उद्योगातल्या सगळ्या कारखान्यांना लागू करता येईल, युनियन असो वा नसो.

तो नव्वद टक्क्यांचा आकडा इथून सुरू होतो. माझं मत मी मांडलं. आता विरोधात बोला.

कॉस्टशीट

धोटा, इतिहास मनापासून लिहिलाय, आणि खर्चीवाल्यांची तुलना नेमकी बसते. पण निष्कर्ष मला अजिबात पटलेला नाही.

मी चाकणच्या एका कारखान्यात बारा वर्षं वाटाघाटीच्या टेबलावर व्यवस्थापनाच्या बाजूने बसलोय. तिथून जे दिसतं ते सांगतो. तुम्ही ज्याला यश म्हणताय तेच त्या चळवळीचं दुखणं आहे. करार मंत्र्याच्या सहीने सगळ्यांना लागू होणार असेल तर कामगाराने वर्गणी का भरावी? नाही भरली तरी मिळतंच. मग युनियनकडे पैसा नाही, कार्यकर्ते नाहीत, संप लांबवण्याची ताकद नाही. जर्मनीतल्या आयजी मेटाल या एकट्या संघटनेचे २० लाखांहून जास्त सभासद आहेत. संप झाला तर सभासदाला संघटनेच्या फंडातून पैसे मिळतात, म्हणून तिथे नुसता इशारा दिला तरी मालक बोलणी करतो. फ्रान्समध्ये सीजीटी आणि सीएफडीटी या दोन सगळ्यात मोठ्या संघटना, दोघींचे प्रत्येकी सहा लाखांच्या आसपास. संपात बहुतेकांचा पगार सरळ कापला जातो, मग नाक्यावर डबा फिरवून वर्गणी गोळा करायची. म्हणून एक दिवसाचा संप, मोर्चा, घोषणा, दुसऱ्या दिवशी कामावर.

आणि फूट! १८९५ मध्ये लिमोजला सीजीटी स्थापन झाली. १९१९ मध्ये ख्रिस्ती कामगारांची सीएफटीसी वेगळी. १९२१ च्या शेवटी सीजीटीतून कम्युनिस्ट बाजूचे बाहेर. १९३६ मध्ये पुन्हा एकत्र. १९४७ मध्ये पुन्हा फुटली, फोर्स उव्रिएर निघाली, आणि त्या फुटीला अमेरिकन कामगार संघटनेचा पैसा होता हे आता कुणी नाकारत नाही. १९६४ मध्ये सीएफटीसीचीच सीएफडीटी झाली आणि उरलेल्यांनी जुनं नाव चालू ठेवलं. आज राष्ट्रीय पातळीवर आठ संघटना आहेत. मी व्यवस्थापनाचा माणूस असूनही सांगतो, समोर एक मजबूत युनियन असलेली मला बरी. तिने शब्द दिला की तो टिकतो. आठांशी बोलायचं म्हणजे सातजण बाहेर जाऊन "यांनी कामगार विकला" म्हणणार.

तुमच्या १९३६ चं पुढे काय झालं तेही लिहायला हवं होतं. दोनच वर्षांत महागाईने वाढ खाल्ली, नोव्हेंबर १९३८ च्या वटहुकमांनी ४० तासांचा आठवडा सैल केला, ३० नोव्हेंबरचा सार्वत्रिक संप फसला आणि हजारोंना कामावरून काढलं. जे सरकारच्या सहीने आलं ते सरकारच्याच सहीने गेलं.

सुईदोरा

दोघांच्याही लिहिण्यात एक माणूस सुटलाय. बाई. फुर्मीला गोळी लागली तेवढ्यापुरती ती आली, पुढे गायब.

१९१३ मध्ये ल्योंमध्येच, कान्यूंच्या शहरात, एमा कुरिओ नावाची छापखान्यात खिळे जुळवणारी बाई होती. तिला पुरुषांच्या दराने मजुरी मिळत होती, म्हणजे ती कुणाचा दर पाडत नव्हती. तिने युनियनकडे सभासदत्वासाठी अर्ज केला. युनियनने तो नाकारला, आणि बायकोला या धंद्यात काम करू देतो म्हणून तिच्या नवऱ्याला सभासदत्वावरून काढून टाकलं! नवरा जुना सभासद होता. देशभर यावर वाद झाला, अनेक युनियन तिच्या बाजूने उभ्या राहिल्या, पण तिला नाकारणारी युनियनच होती, मालक नव्हे. तेव्हा "चळवळीने सगळ्यांना दिलं" असं म्हणताना जरा थांबा.

आता दुसरी गोष्ट. ब्रेतान्यच्या किनाऱ्यावर दुआर्ननेझ नावाचं बंदर आहे. तिथे सार्डिन मासळी डब्यात भरण्याचे कारखाने होते, आणि काम करणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका आणि मुली. होड्या लागल्या की बोलावणं यायचं, मग रात्र असो की पहाट. मासळी थांबत नाही ना! डोकी कापायची, मासे तळायचे, डब्यात रचायचे, सलग पंधरा-सोळा तासही. १९१९ चा आठ तासांचा कायदा होता, पण कारखान्याच्या दारात तो अडला होता. मजुरी तासाला ८० सांतीम (शंभर सांतीमचा एक फ्रँक). नोव्हेंबर १९२४ मध्ये त्या बाहेर पडल्या आणि ब्रेतॉं भाषेत ओरडत गावभर फिरल्या, 'पाम्प रेआल आ वो', पाच रेआल घेणारच, म्हणजे सव्वा फ्रँक. सहा आठवडे संप चालला. मालकांनी संप फोडायला माणसं आणली, त्यांनी १ जानेवारीला गावच्या कम्युनिस्ट महापौरावर गोळ्या झाडल्या. आठवड्याच्या आत मालक नमले, तासाला एक फ्रँक आणि जादा कामाचे वेगळे पैसे कबूल झाले.

त्यातलीच एक कामगार, झोझेफीन पांकाले, १९२५ मध्ये नगरपालिकेवर निवडून आली. बायकांना तेव्हा मतदानाचाच हक्क नव्हता, तो १९४४ मध्ये मिळाला, म्हणून तिची निवड रद्द केली.

कॉस्टशीट, तुम्ही म्हणता कायदा सरकारच्या सहीने येतो आणि जातो. या बायका दाखवतात की कायदा येऊनही काही होत नाही, जोवर कामावरची माणसं तो लागू करून घेत नाहीत. आणि धोटा, तुम्हालाही हेच सांगायचंय. यादीत शेवटी असलेल्यांनी तो लागू करून घेतला.

रविवारच्या सुट्टीवरून आठवलं. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. कुरिएरनंतरचा फ्रेंच कायदा १९०६ चा. सोळा वर्षं आपण पुढे होतो हे आपल्याच लोकांना माहीत नसतं.

धोटा

सुईदोराताई, एमा कुरिओबद्दल मला काहीच माहिती नव्हती. तुमचा मुद्दा मान्य, 'सगळ्यांना' हा शब्द मी फार सहज वापरला.

कॉस्टशीट, तुमचं एक वाक्य मात्र मी सोडणार नाही, "वर्गणी का भरावी". क्रम बघा. १९३६ च्या वसंतात सीजीटी पुन्हा एकत्र आली तेव्हा तिचे सभासद आठ लाखांच्या आसपास होते. संप आधी झाला. कायदा झाला, करार सगळ्यांना लागू होऊ लागले, आणि त्यानंतर वर्षभरात सभासद चाळीस लाखांच्या घरात गेले. तुमच्या हिशेबाने फुकट मिळू लागल्यावर लोकांनी पाठ फिरवायला हवी होती. जिंकण्याचा अनुभव आला म्हणून लोक आले. १९३८ च्या पराभवानंतर गेले, तेही खरं. म्हणजे वर्गणीचं गणित करारावर चालत नाही, भरवशावर चालतं.

आणि सरकारची सही म्हणता, तर १९४५ घ्या. सामाजिक सुरक्षा: आजारपण, म्हातारपण, अपघात, बाळंतपण. तिची उभारणी झाली तेव्हा मजूरमंत्री होता आंब्र्वाझ क्र्वाझा, तेराव्या वर्षी धातूच्या कारखान्यात कामाला लागलेला, सीजीटीचा पुढारी. कायद्याचा मसुदा पिएर लारोक या अधिकाऱ्याचा, पण गावोगाव सुरक्षा निधीची कार्यालयं उभी करायला युनियनची माणसं राबली, कामाची पाळी संपवून. ते सरकार हवेतून आलं नव्हतं. जर्मनांच्या ताब्यात असताना मे १९४१ मध्ये उत्तरेच्या खाणीत एक लाख खाणकामगारांनी संप केला होता. त्यातल्या कितीतरी जणांना पकडून जर्मनीला नेलं, त्यातले बरेचजण परत आले नाहीत. त्या लोकांचा १९४५ च्या सहीत वाटा आहे.

बदली

वय ६१. वडील लालबागला गिरणीत, मीही १९८१ मध्ये बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागलो होतो. वर्षभर भरलं नाही तोच १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप आला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. माझा मुद्दा वेगळा आहे, फ्रान्सचं वाचताना मला नेहमी खटकतो तो.

आमच्या वेळी कायद्याने अख्ख्या धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन. मालकाशी बोलायचा अधिकार तिचा. अडीच लाख माणसं दुसऱ्या पुढाऱ्याच्या मागे गेली तरी कागदावर युनियन तीच राहिली. म्हणून कॉस्टशीट जेव्हा "समोर एक मजबूत युनियन बरी" म्हणतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. एक म्हणजे कुणाची एक? ठरवणार कोण?

फ्रान्समध्येही बराच काळ सरकारने ठरवलेल्या पाच संघटनांना आपोआप मान्यता होती, कामगार विचारोत की न विचारोत. २००८ च्या ऑगस्टमध्ये कायदा बदलला. आता कारखान्यातल्या निवडणुकीत १० टक्के मतं मिळाली तरच बोलणी करायचा अधिकार. पावतीबुकं मोजत नाहीत, मतं मोजतात, आणि मत सभासद नसलेलाही देतो. आम्हाला तेवढं एक मतदान मिळालं असतं तर १९८२ मध्ये काय झालं असतं, हा विचार मी चाळीस वर्षं करतोय.

पण धोटा, तुमचं सगळं गोड चित्र मला मान्य नाही. १९०६ च्या आमिएं अधिवेशनात सीजीटीने ठराव केला, युनियन कुठल्याही पक्षाची नाही. रोजच्या मागण्याही लढवायच्या आणि मजुरीची गुलामगिरीही संपवायची, दोन्ही कामं आपलीच. ठरावाच्या बाजूने ८३० मतं, विरोधात ८. फार सुंदर ठराव. आणि पुढे? १९१४ मध्ये युद्धाला विरोध करणारा समाजवादी पुढारी झोरेस मारला गेला, युद्ध लागलं, आणि सीजीटीचा सरचिटणीस लेओं झुओ सरकारच्या बाजूने उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर सीजीटी कम्युनिस्ट पक्षाच्या सावलीत गेली ती कित्येक दशकं. १९३६ मध्ये "मागण्या मान्य झाल्या की संप थांबवता आला पाहिजे" असं बजावलं ते पक्षाच्या मोरिस तोरेझने. तसं बघितलं तर वाक्य चुकीचं नाही. संप कसा थांबवायचा हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर... आमचा संप तर अजून अधिकृतपणे मागेच घेतलेला नाही.

१९६८ च्या देशव्यापी संपाचंही तेच. २७ मेला ग्रनेलचा करार झाला. किमान वेतनात ३५ टक्के वाढ, बाकी पगारात १० टक्के. सीजीटीचा जॉर्ज सेगी सकाळी बियांकूरच्या रेनो कारखान्यात हे सांगायला गेला, तर हजारो कामगारांनी संप चालूच ठेवायचं ठरवलं. पुढारी करार घेऊन येतो आणि गेटवरची माणसं नाही म्हणतात. त्यांच्यात नाही म्हणायची ताकद कुठून आली? तिथे संपाचा हक्क प्रत्येक कामगाराचा आहे. १९४६ च्या संविधानाच्या उद्देशिकेत लिहिलाय. खासगी कारखान्यात युनियनने हाक दिली नाही तरी चारजण मिळून मागणी करून संपावर जाऊ शकतात, आणि संप केला म्हणून काढता येत नाही. माझ्या दृष्टीने त्या चळवळीची खरी कमाई ही. करार वगैरे नंतर.

कॉस्टशीट

काका, १९८२ बद्दल मी काही बोलणार नाही, तो अधिकार तुमचा. मतदानाचा मुद्दा मान्य. एक युनियन म्हणताना माझ्या डोळ्यासमोर मतांनी निवडलेलीच होती, पण ते मी लिहिलं नाही, चूक माझी.

तरी मूळ प्रश्नावर मी ठाम आहे. २०२३ घ्या. निवृत्तीचं वय ६२ वरून ६४. आठही संघटना एकत्र आल्या, जे फार वर्षांनी घडलं. जानेवारीपासून जूनपर्यंत चौदा दिवस देशभर संप आणि मोर्चे. ७ मार्चला सरकारी आकड्यानुसारच १२ लाख ८० हजार लोक रस्त्यावर, सीजीटीच्या म्हणण्याप्रमाणे ३५ लाख. लोकमत बाजूने. आणि सरकारने काय केलं? १६ मार्चला संविधानाचं ४९.३ कलम वापरून संसदेत मतदान न घेता विधेयक पुढे नेलं, एप्रिलमध्ये कायदा झाला. एवढी माणसं रस्त्यावर आणूनही हरायचं असेल तर रस्ता पुरत नाही. कारखान्यात, कार्यालयात, रोजच्या रोज जी ताकद लागते ती सभासदांमधूनच येते. १९९५ मध्ये झ्युपे सरकारला पेन्शनच्या बाबतीत माघार घ्यावी लागली कारण रेल्वे तीन आठवडे बंद होती, आणि रेल्वेत युनियन मजबूत होती. २०२३ मध्ये तेवढं कुठेच बंद पडलं नाही.

आणखी एक, जे मला सगळ्यात जास्त लागतं. या करारांच्या छत्राखाली कायम नोकरीवाला सुखरूप आहे. बाहेर उभा असलेला, तात्पुरत्या कंत्राटावरचा, स्कूटरवर डबे पोचवणारा, त्याला काय? तरुणांमधली बेरोजगारी तिथे वर्षानुवर्षं जर्मनीपेक्षा खूप जास्त राहिली आहे. नव्वद टक्के म्हणजे नोकरीत असलेल्यांचे नव्वद टक्के.

अनुराधा, तुलूझ

मी इथे सात वर्षं आहे, विमान उद्योगाला काम पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. मूळची साताऱ्याची. पुस्तकातलं मला फार माहीत नाही, रोजचं सांगते.

पहिल्या महिन्याची पगाराची चिठ्ठी मी दिव्याखाली धरून शब्दकोश घेऊन वाचली होती. वीस-पंचवीस ओळी कपातीच्या. आणि वर एका कोपऱ्यात, कंपनीच्या पत्त्याजवळ, सामूहिक कराराचं नाव. मला वाटलं चुकून कुणाचं तरी छापलंय, मी तर कसलाच करार केला नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या बाईने सांगितलं, "ते तुझंच आहे, लिहिणं बंधनकारक असतं." त्या करारात माझी श्रेणी, त्या श्रेणीचं किमान वेतन, नोकरी सोडताना किती नोटीस, जवळचं माणूस गेलं तर किती दिवस रजा, सगळं. आमच्या कंपनीत तेव्हा एकही युनियनचा माणूस नव्हता. आई गेली तेव्हा साताऱ्याला यायला जी रजा मिळाली ती मागावी लागली नाही, ती लिहिलेली होती. कॉस्टशीट, तुम्ही त्याला मंत्र्याची सही म्हणता, असेल. मला त्या दिवशी ती कुणीतरी माझ्यासाठी आधीच भांडून ठेवलेली वाटली.

पण तुमची बाहेरच्यांबद्दलची तक्रार खरी आहे. आमच्याकडे कंत्राटावर आलेली मुलं अठरा महिन्यांनी जातात, नवी येतात. मोर्च्यात ती दिसत नाहीत. जाणार कशी, पुढचं कंत्राट मिळायचं असतं.

२०२३ च्या ७ मार्चला मुलाची शाळा बंद होती, बसही नव्हती. त्याला घेऊनच मोर्चा बघायला गेले. सॉसेज भाजणाऱ्या गाड्यांचा धूर, रंगीत फुगे, ढोल, आणि आमच्याच इमारतीतली निवृत्त नर्स, गुडघे दुखत असताना सगळा रस्ता चाललेली. तिला विचारलं, तुमचं तर झालं, तुम्ही कशाला? ती म्हणाली, "माझ्या वेळी साठ होतं. ते माझ्यासाठी कुणीतरी चाललं होतं." साठ हे वय १९८२ मध्ये आलं, बदलीकाकांच्या संपाच्याच वर्षी, हे मी आत्ता तुमचं वाचून जोडलं.

एक शब्द सांगते. संपाला फ्रेंचमध्ये 'ग्रेव्ह' म्हणतात. तो पॅरिसच्या नगरपालिकेसमोरच्या जुन्या 'प्लास द ग्रेव्ह' या चौकावरून आला. सेन नदीच्या काठी बोटी लागायच्या, कामाच्या शोधातली माणसं पहाटे तिथे उभी राहायची. आपल्या मजूर नाक्यासारखंच. आधी 'ग्रेव्हवर असणं' म्हणजे काम मिळायची वाट बघत उभं राहणं, मग त्याचाच अर्थ काम थांबवणं झाला.

कॉस्टशीट

अनुराधाताई, आईबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमच्या चिठ्ठीतल्या त्या ओळीबद्दल मी विचार करेन. पण एक सरळ प्रश्न विचारतो, राग मानू नका. करारामुळे तुमचं इतकं भलं झालं, तर तुम्ही युनियनच्या सभासद झालात का? वर्गणीतली ६६ टक्के रक्कम तिथे करातून परत मिळते म्हणतात.

अनुराधा, तुलूझ

राग कशाला. नाही झाले. दोनदा फॉर्म आणला होता. एकदा राहण्याचा परवाना नूतनीकरणाला होता, कंपनीचं पत्र लागणार होतं, तेव्हा मनात भीती आली. भीतीला कारण नव्हतं, कायद्याने कुणी काही करू शकत नाही, पण परवाना हातात नसलेल्या माणसाला कायदा आठवत नाही. दुसऱ्यांदा नुसतं राहून गेलं. तेव्हा तुमच्या नव्वदांत मी आहे, हे कबूल.

पण गेल्या वेळी कंपनीत कर्मचारी समितीची निवडणूक झाली, तेव्हा मत दिलं. बंद लिफाफा, पडद्यामागची जागा, पेटी, सगळं रीतसर. मी भारतीय पासपोर्टवर आहे, मला इथे खासदार निवडता येत नाही, नगरसेवकही नाही. या देशात मी दिलेलं ते एकमेव मत आहे. सीएफडीटीच्या यादीत त्या शेजारच्या टेबलावरच्या बाईचं नाव होतं, तिलाच दिलं. ती निवडून आली. पहिल्याच बैठकीत तिने कंत्राटावरच्या मुलांचा विषय काढला. अजून तो तिथेच अडकलाय, पुढची बैठक पुढच्या महिन्यात आहे.